अकराव्या पायरीवर काय आहे?

दोनशे फूट

मुंबईच्या बोटीतून सिनेमाचे डबे उतरले तेव्हा अकबरने ते दोनदा मोजले. मोठे नऊ आले होते. दहावा, छोटा डबा ट्रेलरचा असायचा, तो आलाच नव्हता.

मांडवीजवळच्या मैदानात महिपतशेठचा तंबू दिवाळीपासून उभा होता आणि तंबूतलं मशीन अकबर चालवायचा. ट्रेलर नाही हे ऐकून शेठने पानाची पिंक टाकली.

"अकबर, मागचे दोन सिनेमे का पडले?"

"भागूबाईंमुळे, शेठ."

हे दोघांनाही ठाऊक होतं. भागूबाई मासळीबाजारात बसायची. पहिल्या दिवशी पडद्यासमोर वाळूवर मांडी ठोकून ती सिनेमा बघायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुरमईचे तुकडे करता करता निकाल द्यायची. मागच्या भुताच्या सिनेमाला ती एवढंच म्हणाली होती, "त्यापरीस माजा दीर घोरतो त्याचं भ्या जास्त." त्या संध्याकाळी तंबूत अकरा माणसं होती, त्यातली चार झोपायला आली होती.

"शनिवारी तंबू भरला नाही तर सोमवारी राजापूर," शेठ म्हणाला. "आणि राजापुरात मशीन माझा भाचा चालवील. तू आपला घरच्या होडीवर जा."

होडीचं नाव निघताच अकबरने तंबूचा खांब धरला. राजिवड्यात पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर गेलेल्या घराण्यात तो एकटाच असा निपजला होता की, होडी दोरखंडाने बांधलेली असली तरी ओकायचा. त्याचा भाऊ गनी त्याला होडीवर एकदाच घेऊन गेला होता, आणि येताना म्हणाला होता की याच्यापेक्षा रिकामी टोपली नेली असती तर तिचा काही उपयोग झाला असता. गेली सात वर्षं अकबर जमिनीवर, मशीनच्या मागे, सुखात होता.

चाळीस फूट

अकबरने नव्या सिनेमाचं रीळ उलगडून उजेडात धरलं आणि एकेक चौकट बघत गेला. बाई कंदील घेऊन जिना चढते. एकेक पायरी मोजताना तिचे ओठ हलतात. अकराव्या पायरीवर भूत.

भूत बघून अकबर खाली बसला.

भुताचा तुकडा खिशात घालून तो घरी गेला. त्याची बायको हफीजा विळीवर बांगडे साफ करत होती. "चुलीपासून लांब धर, भडकन पेटतं," असं बजावून त्याने तिला तो दाखवला. तिने खवल्यांचा हात पदराला पुसला आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"ह्यो तर आपला बेकरीवाला. पिठात पडलाय."

"हेच भूत आहे."

"मग भ्यायचं कुणी? त्यानं की आपण?"

"हसू नकोस. माझी होडी ठरलीये."

हफीजा हसायची थांबली. नवऱ्याचे होडीवरून आलेले कपडे तिनेच धुतले होते. बांगडा कापता कापता ती म्हणाली, "ओ, एक सांगू? मांजर दिसलं की मी त्याला हाकलते. भ्यायचं काय त्यात? पण मांजर दिसत नाय, नि ताटातला एक बांगडा कमी झालेला असतो, तवा मी चार वेळा मागं वळून बगते."

अकबर तसाच, चहा न घेता, तंबूकडे पळाला.

साठ फूट

ब्लेडने कापायचं, कड खरवडायची, सोल्युशन लावून दाबायचं, सुकेपर्यंत श्वास धरायचा. ट्रेलरसाठी त्याने मूळ सिनेमातूनच तुकडे काढले. ओली पावलं. कंदील. पायऱ्या. ओली पावलं पुन्हा, आता वरच्या दिशेने. बाईचा आवाज: सात… आठ… नऊ… दहा…

बारा फूट, काळे

बारा फूट काळी फिल्म मशीनमधून जायला आठ सेकंद लागतात.

तीस फूट

त्या आठवड्यात एक पौराणिक सिनेमा चालू होता. मंगळवारी त्याच्या मध्यंतरात अकबरने आपला ट्रेलर लावला. "दहा" ऐकू आलं आणि पडदा काळा झाला. तंबूत एवढा अंधार झाला की बाहेरच्या समुद्राचा आवाज आत आला. एक, दोन, तीन सेकंद. माणसांना वाटलं, फिल्म तुटली. चार, पाच. कुणी शिटी मारेना. सहा. आणि पुढून, वाळूवरून, भागूबाईचा आवाज:

"आनि मंग?"

आठ सेकंद झाले. अकबरने काचेवर हाताने लिहिलेली पाटी पडद्यावर टाकली: *अकराव्या पायरीवर काय आहे? शनिवारी.*

"शनवारी?" भागूबाई उठून उभीच राहिली. "मेल्या अकबऱ्या, माजं बारावं होऊन जाईल तवर! आत्ता दाखव!"

मासळीबाजार, सलग, न कापलेला

बाय हाय ती, गळ्यात दोर. नाय गो, बाय न्हवं, बाप्या हाय, मुंडकं काखेत. तू बगितलंस? माज्या जावेनं बगितलं. जाव तुजी चिपळूणला ना? तिकडं पन तेच दिसलंय. आमच्या घराला पायऱ्या किती, मोजल्या, अकरा, सासू खाली उतरत नाय, वरूनच हुकूम. किल्ल्यावर जाणारी पोरं दहावीवरनं उडी मारून थेट बारावीवर, दोघांचे गुडगे फुटले. पापलेट कसं दिलंस? पापलेट राहू दे, भागूबाय काय म्हणते?

भागूबाई काही म्हणत नव्हती. तिने गिऱ्हाइकाला एक कोळंबी जास्त घातली, आणि तिच्या शेजारची बकुळा म्हणते, असं गेल्या वीस वर्षांत झालं नव्हतं.

दहा फूट

शुक्रवारी दुपारी सगळ्या गावात एकच माणूस खराखुरा घाबरलेला होता, तो अकबर. गावाने अकराव्या पायरीवर काय काय नेऊन बसवलं होतं! तिथे उद्या पीठ लावलेला बेकरीवाला उभा राहणार होता. भागूबाई हसणार, रविवारी सकाळी बाजार हसणार, आणि सोमवारी गनी होडीत त्याच्यासाठी जागा करणार.

त्याने ब्लेड पुन्हा हातात घेतलं. जिन्याचे तुकडे जिथल्या तिथे जोडले. मग भूत सिनेमात चार वेळा येत होतं, ते चारही वेळा काढून टाकलं आणि जागोजाग काळी फिल्म घातली.

तीनशे फूट

शनिवारी हातखंब्याहून एस.टी. भरून माणसं आली. पोरं कनातीखालून आत शिरत होती. शेठ त्यांना हाकलता हाकलता आनंदाने शिव्या देत होता.

बाईने कंदील उचलला. सगळा तंबू तिच्याबरोबर मोजू लागला, आधी खाकरत, मग एका सुरात. आठ. नऊ. दहा. पडदा काळा.

मशीनची घरघर तेवढी चालू. मग पुढून अशी किंकाळी उठली की अकबरचा हात मशीनच्या तापल्या झाकणाला लागला. भागूबाईने बकुळेचा अंबाडा दोन्ही हातांनी धरला होता आणि ती ओरडत होती, "आला! आला गो बाय!" तिच्या मागे सगळा तंबू ओरडला. उजेड आला तेव्हा पडद्यावर बाई बेशुद्ध पडलेली होती आणि प्रेक्षकांतली अर्धी माणसं एकमेकांच्या मांडीवर.

असं चार वेळा झालं.

रविवारी सकाळी शेठ मशीनच्या खोलीत आला. दार लावून घेतलं.

"अकबर, मला भूत दिसलं नाही."

"कुठे उभे होतात?"

"मागे, दाराशी."

"मागून नीट दिसत नाही, शेठ."

शेठने बाहेर पाहिलं. दोन माणसं हातवारे करत एकमेकांना भूत समजावून देत होती. "म्हणजे, दिसलं तसं," तो म्हणाला. "डोळे लाल होते."

"सिनेमा काळापांढरा आहे."

"तरी लाल होते!" शेठ म्हणाला, आणि तिकडे ते सांगायला गेला.

शेवटचा डबा

थोड्या वेळाने भागूबाई आली. टोपली खाली ठेवली आणि सरळ म्हणाली, "तिकीट काढलंय मी. काय लपवलंस, ते दे हितं."

खोटं बोलायला अकबरची जीभ उचलेना. त्याने डब्यातून तुकडा काढून दिला. तिने दारात जाऊन तो उन्हात धरला. अकबर होडीचा विचार करत उभा राहिला.

ती हसली नाही.

"ह्या पावाला मी भ्याले?"

"नाही, भागूमावशी. ह्याला तुम्ही पाहिलंच नाही."

"बाजारात मी सांगून बसलेय, त्याला तीन हात होते म्हणून."

"ह्याला दोनच आहेत."

"दिसतायत मला! आंदळी नाय मी." तिने तुकडा पुन्हा पाहिला. मग बाजाराच्या दिशेने पाहिलं. तिथे बकुळा विस्कटलेला अंबाडा अभिमानाने सगळ्यांना दाखवत होती. "आज ह्यो पडद्यावर आला, तर माजं काय राहील रे?"

"आणि माझं? सिनेमा पडला तर शेठ राजापूरला, मशीन भाच्याकडे, मी होडीवर."

"परत जोडनार हायस?"

"कंपनीला डबे पाठवताना जोडावंच लागेल. बोटीवर चढवायच्या आधी."

"तवर जोडलंस तर तुजं मशीन खाडीत टाकीन." टोपली डोक्यावर घेऊन ती बाहेर पडली आणि तंबूच्या दाराशी उभ्या शेठला म्हणाली, "शेठ, राजापूरला जावा खुशाल. पन ह्यो भूत ओळखीच्या ऑपरेटरशिवाय येत नाय, सांगून ठेवते. काल माज्या सपनात येऊन बोलला."

लाल डोळे स्वतः पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटलं. शेठने भाच्याला पत्र टाकलं की मुक्काम शिमग्यापर्यंत इथेच आहे, तू तिकडे एखादी नोकरी बघ.

रविवारी संध्याकाळी तंबू पुन्हा भरला. भागूबाई पुढे, वाळूवर. बाईने कंदील उचलला, माणसं मोजू लागली, आणि बाई अजून आठव्या पायरीवरच होती तेव्हा भागूबाईने तंबू हादरवणारी किंकाळी फोडली.

मशीनच्या भोकातून अकबरने कपाळावर हात मारला. "दोन पायऱ्या आहेत अजून, मावशी," तो पुटपुटला, पण तोवर सगळा तंबू ओरडायला लागला होता.