जिलबीचे अनवाणी दिवस

पक्कड फिरली, शेवटचा खिळा कुरकुरत बाहेर आला आणि नाल फरशीवर पडली. ती उचलायला शेजारची गोदू आधीच पदर खोचून उभी होती.

"काळ्या घोड्याची लागते ना दाराला?" जनावरांची डॉक्टर रेवाने विचारलं.

"मी काळा रंग देईन," गोदू म्हणाली.

काशिराम घरतांच्या मांडीवर जिलबीचा पुढचा उजवा पाय होता. त्यांचं गोदूकडे लक्ष नव्हतं. ही तांबूस घोडी त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवली होती. तळोज्यापासून शिरढोणपर्यंतचे कितीतरी नवरदेव तिच्या पाठीवर जीव मुठीत धरून बसले होते आणि तिने एकालाही पाडलं नव्हतं. पुढे त्यांतले काही संसारात पडले, त्यात तिचा दोष नाही. आता मात्र वरातीचे रस्ते काँक्रीटचे झाले होते, आणि जिलबी लंगडत होती.

रेवाने कानशीने खुराची कड गोल केली. मग मधला मऊ, त्रिकोणी भाग अंगठ्याने दाबून दाखवला. "काका, हा भाग जमिनीला टेकायला हवा. नालेमुळे तो अधांतरी राहिला आणि वाळला. आता नाल नको. आधी मातीवर चालवा, मग बारीक, गुळगुळीत खड्यांवर. रोज थोडं थोडं. खूर आपला आपण सुधारतो."

"आनि नाय सुधारला तं?"

याचं उत्तर घरात ठरलेलं होतं. मुलगा परेश वाईट नव्हता. त्याने कर्जतकडच्या एका फार्महाऊसशी बोलणं केलं होतं. "बाबा, तिथं गवत हाय, मोकळी जागा हाय. इथं ती उभ्या उभ्या मरंल. दिवाळीपर्यंत बघू. नाय चालली, तं धाडू." ज्याच्यावर चिडता येत नाही असं बोलणं माणसाला फार त्रास देतं.

माती मिळाली, बांधकामाची कामं घेणाऱ्या परेशचंच एक काम अडलेलं होतं. खडे मात्र मिळेनात. सगळीकडे पेव्हर ब्लॉक. शेवटी बायको कृष्णाबाईच म्हणाली, "त्या टावरमदी हायेत की. पायाला बरं म्हनून लोका चपला हातात घेऊन चालतात त्यांवर."

त्या टॉवरचं नाव 'सेरीन फील्ड्स' होतं. शेत बुजवून झाल्यावर नावात ठेवलं होतं, आणि ते शेत घरतांचं होतं. विकल्यापासून काशिरामांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. पनवेलच्या बाजारात जायचं तरी मागच्या रस्त्याने, वळसा घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिलबीला घेऊन टॉवरच्या फाटकात उभे राहिले. वॉचमन इंद्रजीतने सेक्रेटरीला बोलावलं. गुरुदत्त कामत, बँकेतून निवृत्त, अनवाणीच आले. त्यांचा चेहरा खड्यांवरून चालणाऱ्या माणसाचा होता.

"हे काय?"

"घोडी."

"ते दिसतंय मला."

"पायान दुखतंय तिच्या. डॉक्टरनी खड्यांवर चालवाया सांगितलंय. नालेबिगर."

कामतांनी जिलबीच्या पायांकडे पाहिलं, मग आपल्या. "गुडघा की टाच?"

"खूर."

"माझी टाच. ठेकेदाराने खडे सिमेंटात बसवलेच नाहीत हो. नुसते ओतून गेला."

"घोडीला सुटेच बरं."

"चला, कुणाला तरी बरे," कामत म्हणाले. "बरी होईपर्यंत आणा. कमिटीला मी सांगतो. फक्त लीद उचलायची."

लीद उचलायची वेळ काशिरामांवर आली नाही. बाल्कनीत कुंड्या असलेल्या बायका डबे घेऊन यायच्या आणि कुणाचा नंबर आधी यावरून भांडायच्या.

पहिल्या दिवशी जिलबी खड्यांवर पाय टेकवायच्या आधी दहादा विचार करी. काशिराम रबरी चपलांत तिच्या बाजूने चालत. तिला धीर द्यायला काहीतरी बोलणं भाग होतं.

"हितं बांध होता," ते म्हणत. "त्या जिमच्या जागेव आंबा. आई त्याखाली भाकर घेऊन बसायची. जवला आनि कांदा."

जिलबी कान हलवी, मागून चालणारे कामतही ऐकत. रोज तीच वाट, रोज नवीन काही आठवे. उधाणाचं खारं पाणी शिरलं तेव्हा बाप कमरेइतक्या चिखलात उभा राहून बांध कसा घालत होता, लावणीला आलेली नवी कृष्णाबाई कुठे घसरून पडली आणि कशी हसली. घरी कृष्णाबाईच्या एवढंच लक्षात आलं, की म्हातारा हल्ली चहा न पिताच निघतो.

जिलबीचं पाऊल हळूहळू सरळ पडू लागलं. नवरात्र सरता सरता रेवा आली. तिने खूर दाबला, घोडीला दुडक्या चालीने पळवलं, पुन्हा दाबला.

"पास! आता डांबरावरही चालेल ही. खड्यांची काही गरज नाही, काका."

परेशने तिथल्या तिथे फार्महाऊसला फोन करून नको म्हणून सांगितलं. बाप नाचेल असं त्याला वाटलं होतं. काशिरामांनी दुसऱ्याच कुणाची घोडी असल्यासारखी मान हलवली.

"खूश नाय का?" कृष्णाबाईने विचारलं.

"हाय ना," ते म्हणाले आणि जिलबीची मान थोपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळी फाटकात हजर. जिलबी तुरुतुरु चालत आली. कामत खूश झाले.

"वा! बरी झाली की! सुटलात तुम्ही."

"व्हय. बरी झाली."

काशिरामांनी लगाम इंद्रजीतच्या हातात दिला. वाकून चपला काढल्या, जोडीने नीट कडेला ठेवल्या आणि ते खड्यांवर उतरले.

कामतांनी त्या पायांकडे पाहिलं. आयुष्यभर चिखल तुडवून रुंद झालेले, टाचा दगडासारख्या. त्यांना हे खडे काय टोचणार! काशिराम जिमच्या भिंतीपर्यंत गेले आणि तिथे, काहीच नव्हतं त्या जागी, आंब्याच्या बुंध्याला हात टेकायला गेल्यासारखे थांबले.

कामत वाटेवरून बाजूला झाले आणि वळून हळू आवाजात म्हणाले,

"इंद्रजीत, घोडीला पाणी दाखव. काशिरामशेठना वेळ लागेल."