बीदरची सहल

"विष्णुपंत, इथं काय काय शिकवायचे ते पोरांना जरा नीट सांगा की," असं म्हणून हेडमास्तर हणमंतप्पा सावलीला जाऊन बसले आणि त्यांनी पानाचा डबा उघडला.

आता ह्या माणसाला काय म्हणावं! सकाळी गाडी बीदरच्या वेशीत शिरल्यापासून मी त्यांच्या मागे लागलो होतो, मला थोडा वेळ सोडा. माझी लेक शारदा इथंच असते, चौबाऱ्याच्या मनोऱ्याजवळच्या गल्लीत. तीन वर्षं तिचं तोंड पाहिलेलं नाही. बाकीचे मास्तर सहलीला नळदुर्गचा किल्ला म्हणत होते आणि मी एकटा बीदर, बीदर करत सगळ्यांशी भांडलो, तो काय ह्या पडक्या मिनारासाठी?

पण सांगितलं. महमूद गवानानं हा मदरसा बांधला, पार इराणपासून विद्वान बोलावले. लांबलांबच्या मुलुखातून बापांनी आपली पोरं इथं शिकायला पाठवली. पुढं औरंगजेबाच्या वेळी इथं दारू भरून ठेवली होती, ती उडाली आणि अर्धी इमारत गेली.

"गुर्जी, पोरांना जेवन फुकट व्हतं म्हंत्यात. खरंय का?" मागून एकानं विचारलं.

"व्हय रे बाबा, फुकट. तू असतास तर जेवणात तेवढा पहिला आला असतास."

पोरं हसली. मला हसू येईना. विद्येचं गाव, ह्याच शब्दाला मीही भुललो होतो. स्थळ आलं तेव्हा मी हिला म्हणालो होतो, वकिलाचं घर आहे, दिवाणखान्यात पुस्तकांची कपाटं आहेत, लेक सुखात राहील. आणि लग्नात काय झालं, तर विहिणीच्या पंगतीला रंगांच्या पुड्या सापडेनात, म्हणून घाईत कुणीतरी ताटाभोवती नुसती पांढरी रांगोळी काढली. झालं! तेवढ्यावरून, अपशकुन केला म्हणून, विहीणबाई ताटावरून उठल्या. तेव्हापासून लेकीला ना दिवाळीला पाठवलं, ना नागपंचमीला. पत्राला उत्तर नाही. बोलावल्याशिवाय व्याह्याच्या दारात जायचं कसं? त्यात मधल्या काळात बीदर म्हैसूर राज्यात गेलं आणि आमचं उमरगा मुंबई राज्यात. सहलीचं निमित्त नसतं तर म्हातारा होईपर्यंत मी असाच बसून राहिलो असतो.

अखेर हेडमास्तरांचं पान संपलं. "जा, पण लवकर या हं. दिवेलागणीच्या आत उमरगा गाठायचंय," म्हणाले. हिनं दिलेली पिशवी काखेत मारून मी निघालो. तीत शेंगांच्या पोळ्या आणि एक खण होता. "आठ दिवसांसाठी तरी तिला मागून आणाच. तिच्याशिवाय परत आलात तर माझ्याशी बोलू नका," असं ही दारात उभी राहून म्हणाली होती.

चौबाऱ्याजवळच्या दुकानांच्या पाट्या आता कानडीत झाल्या होत्या. घर मात्र लगेच सापडलं. वसंतराव वकील ओसरीवर बसले होते.

"या मास्तर. इकडं कसं येणं केलंत?"

व्याही नाही, विष्णुपंत नाही. मास्तर! मी गिळलं. सहलीचं सांगितलं. जावई घरात दिसले नाहीत. चंद्रप्रभाबाई, म्हणजे विहीणबाई, आतून येऊन दाराशी उभ्या राहिल्या. मी पिशवी पुढं केली, ती त्यांनी उघडूनसुद्धा न पाहता कोनाड्यात ठेवली.

मग शारदा आली. हातात तांब्याभांडं आणि गुळाची वाटी. किती वाळली होती पोर! बांगड्या मनगटात सैल झालेल्या. मला भरून आलं. ते दिसू नये म्हणून मी थट्टेवर नेलं.

"अगं वेडे, विसरलीस का? आपल्या घरात नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. आधी तेवढं दाखव, मग तांब्याच काय, घागर दे."

कुणीच हसलं नाही. शारदा भांडं तसंच पुढं धरून उभी.

"घ्या तात्या. आता चालतंय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ताडकन उठलो. "अगं ए! मग एवढा वेळ बोलली का नाहीस? कुठंय? निजलंय का? अहो विहीणबाई, पेढे कुठायत पेढे!" मी हसत हसत आतल्या खोलीत डोकावलोसुद्धा. आत पाळणा नव्हता.

"मास्तर, बसा," वसंतराव म्हणाले.

"मुलगी झाली होती, तात्या," शारदा म्हणाली. "आषाढात. सव्वा महिन्याची होऊन गेली. तापानं."

मला बसता येईना. हसल्यामुळं आलेलं पाणी अजून डोळ्यांत होतं.

"पहिलं बाळंतपण माहेरचं असतं," मी म्हणालो. "हे मी तुम्हाला सांगायचं?"

"पाठवायचं मनात होतं," वसंतराव म्हणाले. "पण आता तुमचं राज्य वेगळं, आमचं वेगळं. अवघडलेल्या बाईला मधल्या नाक्यांवर कुठं उतरवत बसायचं?"

"आणि पोस्टमन? तोही नाक्यावर अडकला होता?"

"दुःखाची बातमी मुद्दाम काय कळवायची!"

"ती जन्मली ते दुःख नव्हतं हो, वसंतराव!"

माझा आवाज गल्लीत गेला असेल. शारदानं माझ्याकडं पाहिलं आणि हलकेच मान हलवली. मी निघून गेल्यावर तिला इथंच राहायचं होतं. मी हात जोडले. कुणाला जोडले, देव जाणे.

"आठ दिवस हिला पाठवा. हिची आई वाट बघतीय."

"बघू पुढं," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं सगळं पांढरंच. तिथं हिला करमायचं नाही."

अशा बाईच्या श्रीमुखात भडकवावी असं वाटलं. पण लेकीचा बाप होतो, तसाच उभा राहिलो.

"नाव काय ठेवलं होतं?" मी शारदाला विचारलं.

"आता कशाला ते?" विहीणबाईच बोलल्या. शारदा खाली बघत राहिली.

तिच्या हातातलं भांडं तसंच होतं. रिवाज बघितला तर मला ते पिता येत नव्हतं. मी नातीचं तोंड पाहिलंच कुठं होतं? पण नको म्हटलं असतं तर ती पोर जन्मलीच नव्हती असं झालं असतं, आणि ते म्हणणारा मी असतो, तिचा सख्खा आजोबा.

मी भांडं घेतलं. उभ्या उभ्या सगळं पाणी प्यालो आणि रिकामं भांडं तिच्यापुढं धरलं.

"अजून देऊ, तात्या?"

"दे."

तिनं तांब्या वाकडा केला. धार भांड्याच्या काठावरून माझ्या हातावर सांडायला लागली, तरी ती ओततच राहिली.