नाकाने चालणारं मशीन

आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मालकांनी नवं मशीन बसवलं. खोकं ठेवलं की पडद्यावर बोट टेकवायचं, म्हणजे नोंद होते. आत उणे अठरा, हातात जाड मोजे, आणि मोज्यातलं बोट त्या पडद्याला कळतच नाही. मोजा काढावा तर बोटांची लाकडं होतात. शेवटी आम्ही सगळ्याजणी नाकानेच दाबायला लागलो. हसू नका, चार महिने आमचं नाक कामाला होतं.

फक्त माझ्या थोरल्या जाऊबाईंना ते जमेना. त्यांचा जाड भिंगाचा चष्मा नाकाआधी पडद्यावर आपटायचा. मग दर खोक्याला मोजा काढा, दाबा, परत घाला. वीस वर्षं त्यांच्यासारखा हात कुणाचा चालला नाही, आणि मशीनने त्यांनाच सगळ्यात संथ ठरवलं. सुपरवायझरने एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. माझं डोकंच फिरलं.

त्याच आठवड्यात मशीन बनवणारी इंजिनिअर आली, प्रश्नांचे कागद घेऊन. मशीन आवडलं का, दहापैकी किती गुण द्याल. मी पडले फटकळ. म्हटलं, कागद ठेवा बाजूला, मोजे घाला आणि तासभर आमच्याबरोबर उभ्या राहा. पोरगी खमकी निघाली, आली की आत!

आणि चष्मा तिलाही होता. नाक टेकवायला गेली, चष्मा टक्कन आपटला. मग तीही मोजा काढत-घालत बसली. तासाभराने आकडे बघितले, तर जाऊबाईंची नव्वद खोकी, तिची एकतीस. लालबुंद बोटं काखेत धरून ती तडक सुपरवायझरसमोर जाऊन उभी राहिली.

"संथ या नाहीत, माझं मशीन आहे. यांना काढू नका, नवं मशीन मी यांना विचारून करणार आहे."

मग जाऊबाईंकडे वळली. "काकू, तुम्हाला कसं हवं?"

वीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगते, घरात मीसुद्धा नाही. पण उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. दोन्ही हात खोक्यात अडकलेले असतात, कोपर तेवढं मोकळं असतं, असं त्या म्हणाल्या.

एक तारखेला जाऊबाई माझ्या आधी कामावर हजर होत्या. महिन्याभरात बशीएवढं बटण आलं, बरोबर त्यांच्या कोपराच्या उंचीवर. मी सवयीने नाक पुढे केलं.

"अगं, कोपर," जाऊबाई म्हणाल्या, आणि पुढचं खोकं उचललं.