मानेवरचा हात

पेन्सिलीची फुली — तांदळाच्या दाण्याएवढी, सातव्या प्रश्नापुढे — कोल्हापूरहून आलेल्या विम्याच्या माणसाने सकाळीच मारून ठेवलेली, वस्ताद दाजींची नजर चुकून आठव्यावर जायला नको म्हणून. 'मल्लखांबावर चढवण्यापूर्वी अंग तापवण्याचा व्यायाम करून घेतला होता काय?' होय किंवा नाही. खाली दाजींची सही. माणूस मोठा गोड, चहा दोनदा घेतला आणि बशी ठेवता ठेवता म्हणाला, "नाही लिहिलंत तर कंपनी काही देणार नाही. मग जबाबदारी तुमची, तो जायबंदी गुरुदास आणि तुम्ही कोर्टात बघून घ्या. दुपारच्या गाडीआधी कागद द्या, म्हणजे झालं."

म्हणजे झालं! मालवणच्या या व्यायामशाळेत सतरा वर्षं उभं राहून दाजींना माणसं पाठ झाली होती — बैठका मोजताना तिसावरून थेट चाळिसावर कोण उडी घेतो, पोटात कळ आल्याचं तोंड करून दोरीमागे कोण दडतो, बाबली पोस्टमनची छाती जोर काढताना जमिनीला कधीच कशी लागत नाही... सूट फक्त देवबागहून येणाऱ्या पोरांना. ती दाजींनीच दिलेली, पन्नास साली. किनाऱ्याकिनाऱ्याने होडी वल्हवत, वाऱ्याशी झगडत आलेल्या माणसाला वर आणखी शंभर बैठका कशाला? नुसता मानेमागे हात लावायचा. तापलेली असली की, "चड रे!" किती मानांवर पडला असेल हा हात — खारट, घामाने चिकट, आणि गुरुदासची तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी. एरंडेल चोळलेल्या खांबावर तो चढला की लाकडालाच पालवी फुटल्यासारखं वाटायचं. संध्याकाळचा वारा, सगळ्यांचे श्वास एका लयीत, आणि मधे मी उभा, हातात छडीसुद्धा नाही... तेव्हा कुठे होता हा सातवा प्रश्न?

गेल्या महिन्यात, हनुमान जयंतीच्या प्रात्यक्षिकांना, पाहुणे खुर्चीत चुळबुळत होते. उशीर झालेला. गुरुदास धावत आला, नवा सदरा उतरवून खांबाशी वाकला. दाजींनी हात लावला — गार. भरती नुकती ओसरलेल्या वाळूसारखी गार. हाताला कळलं, पण हाताचं ऐकायला वेळ कुणाला होता... "चड रे," दाजी म्हणाले. मीच म्हणालो. तिसऱ्या फिरकीला सुकी झावळ मोडावी तसा आवाज झाला, आणि डावा खांदा भलतीकडेच लोंबू लागला. आता मिरजेला नेऊन ऑपरेशन झालं तर तो हात पुन्हा वल्हं धरणार, आणि मिरजेचा खर्च त्या फुलीपाशी अडकलेला.

"दाजीनू, कागद भरल्यात?" दारात गुरुदास होता, डावा हात झोळीत.

"बस रे. होडयेन इलंस?"

"एका हातान वल्हवलंय तर होडी थंयच गोल फिरात! चलत इलंय, देवबागेसून." तो हसला, मग हसणं आवरून पायाच्या अंगठ्याने उंबरा उकरू लागला. "एक सांगूचा होता. त्या दिवशी मी वल्हवूक नाय. महादू वल्हवत होतो, मी नुसतो बसान इलंय."

"कित्याक?"

"नवो सदरो भिजात म्हणान." पुन्हा ते ओशाळं हसू. "तुमका सांगूक नाय. चूक माझी. तुम्ही बिनघोर होय लिवा, तुमका खंय म्हायत होता?"

घ्या. महिनाभर हा पोरगा आपलाच गुन्हा म्हणून उराशी धरून बसला होता, एका सदऱ्यासाठी! आणि आता दाजींना निर्दोषपण आणून देत होता, इतक्या उन्हातून चालत, घरचे आंबे कुणी पोचते करावेत तसं. नुसतं घ्यायचं होतं. 'होय' लिहिलं की त्याचा खांदा वाचत होता, दाजीही वाचत होते, आणि ती चूक मात्र जन्मभर त्याच्याकडेच राहत होती.

दाजी लेखणी तशीच धरून उठले. काही बोलायचं होतं... डावा हात आपोआप गेला, सतरा वर्षं जात होता तिथे. मान तापलेली होती. कढत.

"त्या दिवशी तुझी मान —" दाजी म्हणाले.

कोर्टाची भीती कुठे गेली ते त्यांना कळलंच नाही. तिच्या जागी ही एक मान उरली, हाताखाली, ओळखीची. स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला. हात काही निघेना. गुरुदासने जुन्या सवयीने मान आणखी वाकवली आणि पुढच्या शब्दाची वाट बघत तो तसाच उभा राहिला.