महामहिमांची वाटी

“महामहिम पधार रहे हैं!”

बैठकीच्या दारात उभा राहून वासुदेव खैरे खड्या आवाजात ओरडला. अंगात लाल कोट, कमरेला जरीचा पट्टा, डोक्यावर तुऱ्याचा फेटा. बैठकीत एकटी नानासाहेबांची सून यामिनी टीव्हीसमोर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मग नानासाहेब आले. एका लांबच्या राज्याचं राज्यपालपद भोगून ते परतले होते आणि आता इंदूरच्या तुकोगंजातल्या बंगल्यात नुसते बसून असायचे. शेजघरातून बैठकीत यायचं तरी त्यांना आधी पुकारा लागे. राजभवन सोडताना त्यांनी गालिचे, झुंबर आणि चांदीची भांडी ट्रकात भरून आणली, असं तिकडच्या वर्तमानपत्रांनी फोटोसकट छापलं होतं. तेव्हापासून इंदुरात त्यांना कुणी फीत कापायलाही बोलवत नव्हतं. “सब बकवास आहे,” असं ते येईल त्याला सांगत, आणि सांगत त्याच गालिच्यावर उभे राहून.

त्या भांड्यांतली एक वाटी वासुदेवच्या नशिबी आली होती. मुळात खिरीची असावी. काठाखाली सिंहांची राजमुद्रा होती. नानासाहेब तीत तंबाखू थुंकत. हात लांब करून “वाटी!” म्हणाले की वासुदेवनं ती त्यांच्या हनुवटीखाली धरायची, आणि मग मोरीत नेऊन सिंहांच्या आयाळीत अडकलेली घाण बोटानं काढायची. घरी गेल्यावर साबण लावून लावून तो थकायचा. हल्ली तो वरण-भातसुद्धा चमच्यानं खात होता. बायको इंदुमती काही विचारत नसे. पन्नाशी ओलांडलेल्या, बंद मिलमधल्या विणकराला दुसरं कोण ठेवणार, हे तिलाही माहीत होतं.

“तुझ्या मिलची झांकी निघतेय ना यंदा?” खुर्चीत बसत नानासाहेब म्हणाले. “आरती माझ्या हातून करवा. मी मंत्री होतो तेव्हा दर साल मीच करायचो. क्यों?”

“हो, साहेब.”

“महामहिम म्हण.”

“हो, महामहिम.”

“आणि तू संग येशील. ड्रेसमध्ये. तिथं पण पुकारा झाला पाहिजे. नाही जमत तर उद्यापासून घरी बस, समझा?”

अनंत चतुर्दशीला मिलमजुरांच्या झांक्या, दिव्यांचे आणि हलत्या पुतळ्यांचे देखावे मांडलेले गाडे, साऱ्या शहरातून फिरतात. मिली बंद पडल्या तरी मजुरांनी वर्गणी काढून ते चालूच ठेवलं होतं. तरुणपणापासून वासुदेवची जागा झांकीच्या पोटात होती. आत पाय दुमडून बसायचं, दिव्यांचं बटण सांभाळायचं आणि दोरी ओढून वरच्या पुतळ्यांचे हात हलवायचे. बाहेर लोक टाळ्या वाजवायचे. मिल गेली, कापड विणायचा साचा गेला, पण ती जागा शाबूत होती, आणि तिथं बसला की तो अजून मिलवाला होता.

आणि आरती कुणी करायची? याच नानासाहेबांनी मजूरमंत्री असताना मिलच्या फाटकाशी खजरान्याच्या गणपतीची शपथ घेतली होती, की माझ्या जिवात जीव आहे तोवर हा भोंगा बंद पडणार नाही. वर्षाच्या आत मिलला कुलूप लागलं आणि हे राज्यपाल झाले. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, आपला माणूस लाटसाहेब झाला, आता मिल उघडतोच, म्हणून मजूर ढोल घेऊन स्टेशनवर नाचायला गेले होते. वासुदेव सर्वांत पुढे होता.

संध्याकाळी तो मिलच्या शेडमध्ये गेला. त्याच्या शेजारच्या साच्यावर राबलेला शाम राक्षसाच्या पुतळ्याला मिशा चिकटवत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“आरतीला येणाऱ्याला बप्पाच्या दारातून कसं हाकलायचं, भिया? येऊ दे. पण तू पट्टा बांधून त्यांच्या बाजूला उभा राहशील, आणि मग झांकीत पण बसशील? दोन्हीकडे कसा रे?”

“नोकरी आहे, शाम.”

“मालूम आहे. यंदा बटण आणि दोरी मी सांभाळतो.”

शाम चिडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी समजुतीनं बोलला.

चतुर्दशीला दिवेलागणीच्या वेळी फाटकाशी झांकी उभी होती. शेजारच्या मंचावर राजभवनातून आलेली एक मखमली खुर्ची. वासुदेवनं पुकारा केला. गर्दीतून कांताबाई, त्याच्या चाळीतली, मोठ्यानं म्हणाली, “अगं बाई, हा तर आपला वासू!” काही पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत.

नानासाहेबांनी आरती केली, नारळ फोडला आणि माईक धरला. “भाइयों, हा भोंगा पुन्हा वाजेल! खजरान्याच्या गणपतीची शपथ...”

तेच शब्द. तोच हात वर. बोलता बोलता तोंड भरलं तसे ते खुर्चीत बसले आणि सवयीनं हात लांब केला. “वाटी!”

समोर अख्खी चाळ, बाजूला गणपती, आणि मध्ये वासुदेव. त्यानं वाटी धरली. माईक चालू होता. थुंकल्याचा आवाज कर्ण्यातून साऱ्या रस्त्यावर गेला. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. फक्त झांकीचे दिवे विझले.

सारे. गणपतीपुढची समई तेवढी राहिली. मग मजुरांनी अंधारातच गाडा ओढायला सुरुवात केली. ढोल नाही, जयजयकार नाही. काळा गाडा मंचासमोरून चाकं कुरकुरवत जाऊ लागला.

“अरे, बत्ती गुल कैसे हुई? वासुदेव! पुकारा कर! वाटी!”

वासुदेवनं भरलेली वाटी त्यांच्याच मांडीवर ठेवली. फेटा, पट्टा आणि कोट उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकले आणि बनियनवरच तो मंचाखाली उतरला.

वळणावर झांकीचे दिवे लागले. आतून शामनं दोरी ओढली, राक्षसाचा हात वर गेला आणि ढोल सुरू झाला. गाडा मागून ढकलणाऱ्यांनी वासुदेवला पाहिलं. कुणी सरकून जागा दिली नाही, कुणी हटकलंही नाही. रांगेच्या अगदी टोकाला, चाकाजवळ, एका माणसापुरती फट होती. वासुदेव तिथं गेला. त्यानं उजवा हात पायजम्याला पुसला, पुन्हा पुसला, आणि मगच गाड्याला लावला.