नव्याण्णव विरुद्ध बारा

शुक्रवारी पार्लमेंटात माणूस शोधून सापडत नाही. गुरुवारी संध्याकाळीच जो तो आपल्या गावची गाडी धरतो आणि सभागृहातले हिरवे बाक ओस पडतात. टेकविन पॅरी हे बावीस वर्षं पाहत आला होता. त्या गाडीत तोही असायचा, कारण शनिवारी सकाळी नऊ वाजता त्याच्या मतदारसंघात, कूम ड्रिनॉगच्या चॅपलशेजारच्या खोलीत लोक त्याची वाट बघत बसलेले असत. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाच्या भिंतीला ओल आलेली, कुणाची बस बंद झालेली. खासदारकी म्हणजे ही खोली, असंच तो मानत आला होता.

पण त्या मार्चमधल्या शुक्रवारी त्याला लंडनमध्येच माणसं हवी होती. एकदोन नाही, शंभर.

मंत्री नसलेल्या खासदाराला स्वतःचा कायदा मांडायचा तर दरवर्षी एका वहीत नाव घालावं लागतं. चारशे-साडेचारशे नावांतून वीस चिठ्ठ्या निघतात. टेकविनची चिठ्ठी बावीस वर्षांत पहिल्यांदा निघाली होती, आणि ती मायरिगसाठीच निघाली असं त्यानं मनाशी धरलं.

मायरिग त्याच्या वर्गातला. दोघांचेही बाप छपरावर घालायच्या पाट्यांच्या दगडाच्या खाणीत होते. टेकविन शिकला आणि सुटला. मायरिग पंधराव्या वर्षी खोऱ्याच्या डोक्यावरच्या एका लहान खाणीत लागला आणि एकतीस वर्षं तिथंच राहिला. आता त्याच्या फुप्फुसांत त्या दगडाची धूळ बसली होती. मोठ्या खाणींतल्या माणसांना भरपाई मिळत होती. पण ही खाण बुडाली, मालक परदेशी गेला आणि कामगारांच्या वह्या कुठं गेल्या ते कुणालाच माहीत नव्हतं. सरकारी कचेरी म्हणत होती, तुम्ही तिथं होतात याचा पुरावा आणा. डॉक्टरच्या कागदावर ‘ब्राँकायटिस, धूम्रपान’ असं लिहिलं होतं. मायरिगनं जन्मात विडी ओढली नव्हती.

टेकविनचा कायदा दीड पानाचा होता. खाणीची वही नसेल तर सोबत काम केलेल्या दोघांची शपथेवरची साक्ष पुरे. अर्ज मात्र त्या माणसानं जिवंतपणी करायचा.

“पैसे लिनेदला होतील,” मायरिग जानेवारीत म्हणाला होता. लिनेद त्याची बायको. “मला तो कागद पाहिजे. त्यावर लिहिलेलं पाहिजे, की हे खाणीनं केलं. विडीनं नाही.”

“उन्हाळ्याच्या आत कागद तुझ्या हातात देतो,” टेकविन म्हणाला होता.

शुक्रवारच्या चर्चेत एक खोच असते. दुपारी अडीच वाजता चर्चा संपते, आणि तोवर विरोधक बोलतच राहिला तर कायदा तिथंच मरतो. त्याचं तोंड बंद करायचं तर मांडणाऱ्यानं उठून ‘आता मत घ्या’ म्हणायचं आणि त्या बाजूनं निदान शंभर मतं पडायला हवीत. नव्याण्णव चालत नाहीत, समोर एकही मत नसलं तरी.

म्हणून सहा आठवडे टेकविन माणसं गोळा करत फिरला. चहाच्या खोलीत, जिन्यात, न्हाव्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून. कुणाला त्यानं दगडाची धूळ समजावली, कुणाला जुन्या उपकारांची आठवण दिली. यॉर्कशायरचा एक जाडा खासदार म्हणाला, “पॅरी, शुक्रवारी माझ्या बायकोचा वाढदिवस असतो.”

“गेल्या शुक्रवारीही होता.”

“तिला फार आवडतो, म्हणून वरचेवर करतो.” पण आला बिचारा.

शुक्रवारी सकाळी यादीत एकशेचार नावं होती. दहा वाजता टेकविननं बाकांवरून नजर फिरवून डोकी मोजली. लहानपणी बाप चॅपलमध्ये त्याला दर रविवारी डोकी मोजायला लावायचा आणि निघताना विचारायचा, स्वतःला धरलंस का? ती सवय हाडात मुरलेली. एकशेचार, स्वतःला धरून.

अकराच्या सुमारास करादोग हॉवेल त्याच्याजवळ आला. शेजारच्या खोऱ्याचा खासदार, जुना मित्र. चेहरा पांढराफटक पडला होता.

“टेक, नेस्ताला दवाखान्यात नेलंय. जिन्यावरून पडली. शेजारणीचा फोन होता.”

नेस्ता त्याची बायको. “शुद्धीवर आहे?”

“नाही.” करादोगनं बाकाची कड धरली. “दोन वाजेपर्यंत थांबतो. मत टाकतो आणि जातो.”

टेकविननं यादी काढली. एकशेतीन.

“वेडा आहेस का? जा. बाराची गाडी मिळेल.”

“बघ हं. तू म्हणशील तर थांबतो मी.”

“मला मोजता येतं, करादोग. जा तू.”

तो गेला. साडेबाराला आणखी दोघांनी ‘जाऊ का’ म्हणून विचारलं. एकाची दातांची वेळ होती आणि दुसऱ्याला गावच्या शाळेचं उद्‌घाटन होतं. एकाला सोडलं आणि दुसऱ्याला थांबवलं तर तो कुरकुरेल, म्हणून टेकविननं दोघांनाही जाऊ दिलं. एकशेएक. एक वरच होता.

सव्वाबारापासून सर लायनल क्रोथर बोलत होता. उंच, देखणा, आवाज मधाळ. पाट्यांच्या दगडाचा त्याला अचानक पुळका आला होता. रोमन लोकांनी कुठं छपरं घातली, फ्रान्सचा दगड कसा असतो, शपथ घेण्याची पद्धत कुठून आली, सगळं सांगून झालं. त्याला कायद्याचा राग नव्हता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, अडीच वाजेपर्यंत बोल, म्हणून तो बोलत होता.

एक पन्नासला टेकविन उठला.  “माझी विनंती आहे, की आता मत घ्यावं.”

सभापतींनी मान डोलावली. घंटा वाजल्या. टेकविननं आपल्या बाजूचे दोन मोजणीदार म्हणून स्वतःचं आणि शेजारी बसलेल्या एल्विनचं नाव दिलं, आणि दोघं बाजूच्या मार्गिकेच्या दाराशी उभे राहिले; होकाराचं मत म्हणजे त्या दारातून चालत बाहेर पडणं. माणसं एकेक करून दारातून जाऊ लागली आणि टेकविन मोठ्यानं मोजू लागला. ऐंशीपर्यंत त्याला काही वाटलं नाही. नव्वदीत गेल्यावर त्यानं मार्गिकेत पाहिलं. मागं उभी असलेली माणसं त्याला नुसत्या डोळ्यांनीही मोजता येत होती.

मोजणीदाराचं मत धरत नाहीत. हे काही गुपित नव्हतं. पहिल्या महिन्यात शिकवतात. टेकविननं स्वतः किती नव्या खासदारांना ते सांगितलं होतं. सकाळी मोजताना मात्र तो पार्लमेंटात नव्हता, बापाच्या शेजारी चॅपलमध्ये होता.

जाडा यॉर्कशायरवाला शेवटचा. “नव्याण्णव,” टेकविन म्हणाला, आणि त्याच्या मागं कुणीच नव्हतं.

विरोधात बारा. नव्याण्णव विरुद्ध बारा, आणि हार. सर लायनल पुन्हा उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, “तर मी म्हणत होतो...”

संध्याकाळी करादोगनं दवाखान्यातून फोन केला. नेस्ता चार वाजता गेली होती. तेवढं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, “एकानं गेलं म्हणे. माझ्यावर ढकल, टेक. मला आता काय फरक पडतो.”

शनिवारी टेकविन आधी मायरिगकडे गेला. दार लिनेदनं उघडलं. शाळेपासूनची ओळख, पण आज ती त्याला अहोजाहो करत होती.

“रेडिओवर ऐकलं. या आत.”

मायरिग खाली, समोरच्याच खोलीत, खिडकीशी उशांना टेकून बसला होता. पलंगाशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर होता. दोनचार शब्द बोलला की तो थांबायचा.

“एकानं?”

“एकानं.”

“करादोग हॉवेल.” मायरिगनं श्वास घेतला. “दुकानात सकाळपासून तेच चाललंय. लिनेद पाव आणायला गेली होती. म्हणतात, पळाला. त्यांच्या खोऱ्यातले लोक असलेच. फुटबॉलला सुद्धा अर्ध्यातून उठून जातात.”

टेकविन नुसता गप्प बसला असता तरी भागलं असतं. कुणी काही विचारणार नव्हतं, आणि ज्याला दोष द्यायचा त्यानं तो आधीच अंगावर घेतला होता. लिनेदनं चहा आणला. टेकविननं कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

“नेस्ता काल गेली,” तो म्हणाला. “करादोग थांबायला तयार होता. मीच जा म्हटलं. आणखी दोघांनाही मीच सोडलं. मला वाटलं एक वर आहे. मोजणीदार दोघं मी शंभरात धरले, मायरिग. धरायचे नसतात. मला माहीत होतं. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.”

लिनेद दाराशी थबकली. 

“तू कुणाचा रे मुलगा?” मायरिगनं विचारलं.

“तुला माहीत आहे.”

“सांग की.”

“एमरिस पॅरीचा.”

“एमरिस पॅरी पाट्या मोजून द्यायचा. हजाराला वरून किती?”

टेकविननं खाली पाहिलं. “साठ.”

“का?”

“वाटेत तुटतात म्हणून.”

“दगडाला साठ जास्त.” मायरिगला खोकला आला. लिनेद पुढं झाली, त्यानं हातानं तिला थांबवलं. “आणि माणसं नेलीस ती मापून. एक वरची घेऊन.”

तो हसत होता की रडत होता, ते खोकल्यात कळलं नाही. शांत झाल्यावर म्हणाला, “मला राग आलाय, टेक. खोटं कशाला बोलू. उन्हाळ्याच्या आत देतो म्हणालास.”

“म्हणालो.”

“म्हणायला नको होतं.”

“नको होतं.”

लिनेद कोळसा आणते म्हणून मागच्या दारानं गेली. बादली तिनं उचललीच नव्हती. टेकविनला वाटलं, आता उठावं. पण उठून कुठं जायचं, हे सुचेना.

“पुढच्या वर्षी?” मायरिगनं विचारलं.

“पुन्हा नाव घालतो. निघेल न निघेल.”

“मी काही थांबत नाही तोवर.”

टेकविननं गार झालेला चहा पिऊन टाकला. 

“पेन आहे?” मायरिग म्हणाला. “लिही. वही हरवली ना खाणीची? माझ्या डोक्यात आहे ती. कोण कोण होतं, कधीपासून कधीपर्यंत. मी गेल्यावर कुणाला विचारशील?”

टेकविननं खिशातला कागद काढला. ती कालचीच यादी होती, एकशेचार नावांची. मागची बाजू कोरी होती.

“विल तीनबोट्या. बावन्न ते सत्तर. खरं नाव विल्यम मॉर्गन, वरच्या वस्तीचा. लिही. रॉबर्ट पावा. वाजवायचा काही नाही, आवाज तसा होता. इऑर्वर्थ, त्याला तोतरा म्हणायचे, पण चॅपलमध्ये गाताना कधी अडला नाही...”

नावामागं नाव येत राहिलं. मधे मधे मायरिग डोळे मिटून थांबे आणि टेकविन पेन टेकवून वाट बघे. बाराव्या-तेराव्या नावाला श्वास पुरेना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. लिनेद केव्हा परत येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

“सेल्विन,” ती म्हणाली. “खालच्या पुलाजवळचा. मग त्याचा धाकटा भाऊ. मग आयव्हर, त्याचं जेवण मी दोन वर्षं डब्यात घालून द्यायची, त्याची बायको नव्हती म्हणून. लिही, टेकविन.”

पुढची एकवीस नावं तिनं सांगितली. एखादं चुकलं की मायरिग बोट उचलायचा.

शेवटी टेकविननं विचारलं, “तुझं कुठं घालू?”

मायरिगनं मान हलवली. “मला साक्षीदार लागत नाही. तू बघितलंयस मला तिथं.”

साडेनऊ वाजून गेले होते. चॅपलच्या खोलीत अकराजण ताटकळत बसले होते. एक म्हातारी बस बंद झाल्याचं सांगत होती. टेकविननं तिचं सगळं ऐकलं, लिहून घेतलं, आणि दोनदा तिचं नाव विचारलं.

मायरिग मे महिन्यात गेला. मृत्यूच्या दाखल्यावर ब्राँकायटिसच लिहिलं होतं. पेटीला खांदा द्यायला टेकविन होता, आणि न बोलावता करादोगही आला होता. दुकानात त्याच्याविषयी आता कुणी काही बोलत नव्हतं. मोजणीत कोण चुकलं ते टेकविननं मतदानानंतरच्या रविवारीच चॅपलमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं. त्यानंतर काही माणसं रस्त्यात त्याला बघून न बघितल्यासारखं करत. तो आपला टोपी उचलून पुढं जाई.

नोव्हेंबरात त्यानं पुन्हा वहीत नाव घातलं. वीस चिठ्ठ्या निघाल्या. त्याची नव्हती. खोलीत परत येऊन त्यानं लिनेदला फोन लावला, कारण ती रेडिओ ऐकणार हे त्याला माहीत होतं आणि त्याआधी त्याला सांगायचं होतं.

“नाही निघाली,” तो म्हणाला.

पलीकडे तिनं रेडिओ बंद केला. मग म्हणाली, “कागद आहे ना जवळ?”

“आहे.”

“दोन नावं राहिली होती. परवा त्याचे कपडे कपाटातून काढताना आठवली. डॅनियल प्रॉसर, पंचावन्न ते साठ. आणि त्याचा मेव्हणा इदवाल.”

टेकविननं पेन उघडलं. “आहेत का दोघं?”

“डॅनियल आहे. इदवाल सप्टेंबरात गेला.” ती थांबली. “तरी लिही.”

त्यानं दोन्ही लिहिली.