चौदावा शब्द

नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत धोंडीरामला सगळे गुरुजी म्हणत. तो कधीही कुठल्या वर्गात शिकवायला उभा राहिला नव्हता. बार्शीच्या एका शाळेत पुस्तकांच्या खोलीत कारकुनी केली, तिथून सोलापुरात आला, एवढंच. पण नाकावर चष्मा, हातात कुठला ना कुठला कोश, आणि कुणी समोर आलं की मान खाली, यावरून लोकांनी काय तो अंदाज बांधला. सुरुवातीला त्याने दोघा-तिघांना सांगून पाहिलं की, मी गुरुजी नाही. पुढे तेही सांगायची लाज वाटू लागली.

चौऱ्याहत्तर साली कॉलेजचं विद्यापीठाशी जमलं. वर्ग आणि वॉर्ड सोलापूरचे, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. सर्टिफिकेट होऊन वॉर्डात वर्षानुवर्षं राबलेल्या सिस्टरांना दोन वर्षांत बी.एस्सी. होता येणार होतं. पहिल्या तुकडीत नऊ जणी आल्या. आठ जणी पंचविशीच्या आतबाहेरच्या. नववी सोजर सिस्टर, वय अडतीस, टेंभुर्णीकडची, बायकांच्या वॉर्डात बारा वर्षं काढलेली.

सोजर सिस्टरचं वॉर्डातलं काम धोंडीरामने पाहिलं होतं. त्याची आई आजारी असताना तीन आठवडे तो त्या वॉर्डाच्या व्हरांड्यात बसून होता. आईच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून सिस्टर दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायच्या, आणि वळवताना म्हणायच्या, "चला आज्जी, आता भिंतीकडं तोंड करा, लई वेळ माझ्याकडं बघितलं." आई हसायची. आई गेली, पण पाठ शेवटपर्यंत निर्मळ होती. धोंडीरामच्या लेखी एवढ्यावर एक पदवी द्यायला हरकत नव्हती. पण विद्यापीठ पाठी बघत नाही, पेपर बघतं, आणि पेपर इंग्रजीत होते.

पहिल्याच सहामाहीत सिस्टरांचा एक विषय राहिला. त्या दिवशी त्या लायब्ररीत येऊन पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"गुरुजी, मला पेशंटचं सगळं कळतंय," त्या म्हणाल्या. "पेशंट काय बोलला ते इंग्रजीत लिवायचं म्हणलं की हात थांबतोय. 'पोटात कळ मारती' म्हंजे काय लिवायचं? 'अंग मोडून आलंय' म्हंजे काय? पुस्तकात पेशंट इंग्रजीच बोलतोय की."

त्या संध्याकाळपासून धोंडीरामने यादी करायला घेतली. आधी स्वतःला माहीत असलेले शब्द लिहिले, मग कोश काढले, मग वैद्यकाची दोन पुस्तकं. डावीकडे पेशंटचा शब्द, उजवीकडे इंग्रजी. कळ, ठणका, मुरडा, घेरी, कापरं, दम. महिनाभर तो हेच करत होता. एकशे वीस शब्द झाले तेव्हा त्याने स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर प्रती काढल्या आणि नऊ जणींच्या टेबलांवर गुपचूप ठेवून दिल्या. खाली नाव घातलं नाही. एवढ्या खटाटोपात कुठे तरी चूक असणारच, ही त्याची खात्री होती.

सोजर सिस्टर यादी घेऊन आल्या. "लई ग्वाड काम केलंय बघा. पण ह्यो चौदावा शब्द कुणाचा? 'ऊर, उरी: चेस्ट'. ऊर कळलं. उरी कोण म्हणतंय?"

"कवितेत असतो," धोंडीराम पुटपुटला.

"वॉर्डात कविता कोण म्हणणार, गुरुजी?"

"राहू द्या. एखादं माणूस म्हणेलही."

"ऱ्हाऊ द्या," त्या हसून म्हणाल्या. "तुमच्या यादीत हाय म्हंजे खरं."

आणि त्यांनी यादी पाठ केली. कॉलेजात येता-जाता, दोन्ही पोरींच्या वेण्या घालताना, डाळ निवडताना. तरण्या पोरी चिडवायच्या, "सोजरताई, एकशे वीस झाले की नाही? उलटे म्हणून दाखवा बघू." त्या खरंच उलटे म्हणून दाखवायच्या. राहिलेला विषय सुटला. पुढचे सगळे सुटले. शेवटी उरली ती शहात्तरच्या मे महिन्यातली प्रात्यक्षिक परीक्षा.

ही परीक्षा गेली तर दुसरी संधी कागदावर होती, पण सोजर सिस्टरांना नव्हती. पुन्हा बसायचं तर अख्खं सत्र हजेरी लागणार, आणि हॉस्पिटलने दिलेली अभ्यासरजा जूनला संपत होती. कॉलेजात शिक्षिकेची एक जागा निघाली होती, तिला पदवी लागत होती. प्राचार्यांनी ती जागा त्यांच्यासाठी जुलैपर्यंत थांबवून धरली होती. त्यापलीकडे थांबणं प्राचार्यांच्या हातात नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी धोंडीरामकडे उत्तरपत्रिका नेऊन द्यायचं काम होतं. पत्रिका देऊन झाल्या, तरी तो वॉर्डाच्या दारातून हलला नाही. शेजारी बसम्मा उभी होती. ती त्या वॉर्डातली आया, अक्कलकोटकडची. एरवी कानडी पेशंटचं बोलणं सिस्टरांना तीच सांगायची. पण परीक्षेच्या वेळी आया आणि नातेवाईक वॉर्डात नकोत, असा विद्यापीठाचा हुकूम होता. पेशंटचे कागदही काढून घेतले होते. हातात फक्त नाव, वय, खाट नंबर. बोलून-बघून पेशंटला काय होतंय ते ओळखायचं, लिहायचं आणि शुश्रूषा कशी करणार ते मांडायचं. वेळ एक तास.

सोजर सिस्टरांना सात नंबरची खाट आली. नागम्मा, वय साठ. धोंडीरामला दारातून ती अगदी समोर दिसत होती. वाळलेली म्हातारी, पाय पोटाशी घेतलेले. सिस्टर स्टुलावर बसल्या आणि त्यांनी हळू आवाजात काय होतंय म्हणून विचारलं.

म्हातारीने डोळे मिटले. "उरी," ती म्हणाली. "उरी, उरी."

धोंडीरामच्या अंगातून काही तरी गोड सरकून गेलं. चौदावा शब्द. ज्याला सिस्टर हसल्या होत्या, तो नेमका आज आला होता. सिस्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. त्याला अक्षर दिसत नव्हतं, पण काय लिहिलं असणार ते तो डोळे मिटून सांगू शकला असता.

"बिचारीची आग व्हायलीय," बसम्मा हळूच म्हणाली.

"आग? छातीत दुखतंय तिच्या."

"छातीत कुठलं, गुरुजी? उरी म्हंजे आग. कानडीत. जळजळ हो. मिरचीचा हात डोळ्याला लागला की काय म्हणतो आम्ही? उरी."

धोंडीरामचा हात दाराच्या चौकटीवर गेला. कवितेच्या पुस्तकातून उचललेला, कुठल्याही जिवंत माणसाच्या तोंडून न ऐकलेला तो शब्द त्याने आपल्या हाताने यादीत घातला होता. उरी कोण म्हणतंय, असं बाईने विचारलंही होतं. राहू द्या, तोच म्हणाला होता. आता ती बाई छातीचं दुखणं लिहिणार, हृदयाच्या पेशंटची शुश्रूषा मांडणार, पाणी मोजून द्या म्हणून लिहिणार, आणि दोन वर्षं पाण्यात जाणार. हे सगळं त्याला कळत होतं आणि दोन पावलं आत जायची सोय नव्हती. त्याने एक शब्द जरी आत टाकला असता तरी परीक्षा रद्द झाली असती.

सिस्टरांचा पेन थांबला होता. त्या म्हातारीकडे बघत होत्या. मग खाटेखाली बघितलं. तिथे पाण्याचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला, त्यावर झाकण, झाकणावर धुळीचा पातळ थर. मे महिना, सोलापूर, सकाळचे अकरा, आणि तांब्याला हात लागलेला नव्हता. त्यांनी म्हातारीची जीभ बघितली. कपाळाला हात लावला. घड्याळाचा काटा बघत नाडी मोजली. छातीवर तळहात ठेवून विचारलं, "हितं?"

म्हातारीने मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते दारातून कळेना.

सिस्टर खाली वाकल्या आणि मोडक्यातोडक्या कानडीत म्हणाल्या, "अव्वा, यल्ली उरितद?"

बसम्माने धोंडीरामचा दंड धरला. "कुठं जळतंय, विचारलं."

म्हातारीने डोळे उघडले. अनोळखी घरात आपलं माणूस दिसावं तसं तिचं तोंड झालं. तिने सिस्टरांचा हात धरला आणि ओटीपोटावर नेऊन ठेवला. "इल्ली."

"वंदक्क होदाग?"

"हौद री," म्हातारी होकार देत म्हणाली, आणि मग इतकं भरभर बोलू लागली की ते बसम्मालाही पुरतं ऐकू आलं नाही.

"लघवीला गेल्यावर," बसम्मा म्हणाली. "म्हणून पाणीच पीत न्हाय ती. पाणी प्यालं की जावं लागतंय, गेलं की आग."

सिस्टरांनी कागदावर एक रेघ ओढली. मग त्या लिहीत राहिल्या. मधेच उठून त्यांनी तांब्याचं पाणी बदलून आणलं आणि फुलपात्र म्हातारीच्या ओठाला लावलं. परीक्षेत हे करायला सांगितलं नव्हतं.

तास संपला. परीक्षक बाई सात नंबरपाशी आल्या. पांढरी सुती साडी, कडक इस्त्री, आवाज मऊ. त्या आदल्या दिवशी लायब्ररीत येऊन गेल्या होत्या. ती यादी त्यांनी वाचली होती, चांगली आहे म्हणाल्या होत्या आणि एक प्रत मागून घेतली होती. ती प्रत आता त्यांच्या हातातल्या कागदांत होती. धोंडीरामला तिचा निळ्या शाईचा कोपरा दिसत होता.

"सिस्टर, तुम्ही इथे चेस्ट लिहून खोडलंय," बाई म्हणाल्या. "मी मघाशी मागेच उभी होते. पेशंट 'उरी' म्हणाली, ते मी ऐकलं. तुमच्याच कॉलेजच्या यादीत आहे, उरी म्हणजे छाती. मग खोडलं का?"

धोंडीराम आत गेला. कसा गेला ते त्याला पुढेही सांगता आलं नाही. चार खाटा ओलांडून तो सात नंबरपाशी उभा राहिला. "बाई, यादी मी केलीय," तो म्हणाला. "चूक माझी आहे. त्यांची नाही."

परीक्षक बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आपण कोण?"

"लायब्ररीतला... कारकून."

"आमचे गुरुजी," सोजर सिस्टर म्हणाल्या. "त्यांची काही चूक नाही, बाई. यादीतलं मराठी बरोबर आहे. ह्या आज्जी कानडी बोलतात. कानडीत उरी म्हणजे जळजळ, वॉर्डात कधी तरी ऐकलं होतं, ते तांब्या बघून आठवलं. मी आधी यादीतलंच लिहिलं. पण लिहिल्यावर वाटलं, दुखणारं माणूस कवितेतलं बोलत नाही."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "तुम्ही कानडीत शिकलात?"

"न्हाय बाई." परीक्षेपुरती सांभाळलेली भाषा तेवढ्यापुरती सुटली. "बारा वर्षांत पेशंटनी शिकवलं तेवढंच. कुठं, कधी, किती. तीन शब्द आले की पुढचं हातानं कळतं."

"छातीचं दुखणं धरून चालला असतात तर शुश्रूषेत काय फरक पडला असता?"

"लई पडला असता. पाणी मोजून द्या म्हणून लिहिलं असतं. हिला तर पाणीच पाहिजे. दोन दिवसांत हिनं तांब्याला हात लावलेला नाही." मग त्या ओळीने सांगत गेल्या: ताप किती, जीभ कशी, दर तासाला किती पाणी, लघवी कुठल्या बाटलीत धरून तपासायला पाठवायची, म्हातारीला काय समजावायचं आणि ते तिच्या सुनेलाही का समजावायचं. काही शब्द इंग्रजी, काही मराठी. परीक्षक बाईंनी मधे एकदाही थांबवलं नाही. धोंडीराम मान खाली घालून ऐकत होता. चौदा वर्षांपूर्वी वॉर्डात आलेली सर्टिफिकेटवाली पोर आणि ही बाई यांच्या मधे जे काही साठलं होतं, ते कुठल्या कपाटात मावलं असतं, असा एक वेडा विचार त्याच्या मनात आला.

बाईंनी राखून ठेवलेला पेशंटचा कागद उघडला. वाचला. मिटला. गुण लिहिताना त्यांचा पेन अडखळला नाही.

"आणि तुम्ही," जाताना त्या धोंडीरामला म्हणाल्या, "परीक्षा चालू असताना वॉर्डात येऊ नका."

"नाही येणार," धोंडीराम म्हणाला.

जूनच्या शेवटी निकाल आला. नऊपैकी सात पास. सोजर सिस्टर पास झाल्या होत्या, आणि प्रात्यक्षिकात तुकडीत पहिल्या होत्या. जुलैत त्या शिक्षिकेच्या खुर्चीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या लायब्ररीत आल्या तेव्हा धोंडीराम टेबलावर स्टेन्सिल पसरून बसला होता.

"नवी यादी?"

"चौदावा शब्द काढून टाकतोय."

"काढायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. त्याच्याच म्होरं लिवा, कानडीत जळजळ. पोरींना कळू द्या की एक शब्द दोन गावांत दोन असतोय. आणि गुरुजी, उजवीकडं अजून एक रकाना ओढा."

"त्यात काय लिहायचं?"

"काय न्हाय. मोकळा. वरती नुसतं 'कुठं?' असं लिवा. पेशंटनं हात जिथं ठेवला ते पोरी भरतील."

त्या वर्गावर गेल्या. धोंडीरामने पट्टी धरून रकाना ओढला. वर 'कुठं?' लिहिलं. आयुष्यभर त्याने कागदावरची मोकळी जागा भरायची म्हणूनच बघितली होती, त्यामुळे तेवढा रकाना कोरा ठेवणं त्याला जड गेलं. दोनदा पेन टेकवला, दोनदा उचलला. मग तो उठला आणि स्टेन्सिल सायक्लोस्टाइलला लावून आला.

पलीकडच्या वर्गातून सोजर सिस्टरांचा आवाज येत होता. नव्या पोरींना त्या सांगत होत्या की, आधी खाटेखालचा तांब्या बघायचा.